'बाई, तुम्ही फक्त घासा!'

नेवासा फाट्याजवळच्या एका फर्निचरच्या कारखान्यात गेल्या वर्षी एक सागवानी दार खराब झाले. पूर्ण दारावर गोल गोल ओरखडे उठले होते आणि पॉलिशचा हात लागल्यावर ते जास्तच उठून दिसू लागले. मालकाने घासकाम करणाऱ्या दोन बायकांचे तीन दिवसांचे रोज कापले आणि मशीन त्यांच्या हातातून काढून घेतले. "बायकांना मशीन झेपत नाही, मी आधीच सांगत होतो," असे वर ऐकवले. त्या दोघी बचतगटाच्या बैठकीत मान खाली घालून बसल्या होत्या. बाकीच्या बायकाही म्हणाल्या, "जाऊ द्या ताई, आपलं शिवणकामच बरं."

दुसऱ्या दिवशी मी ते मशीन बघायला गेले. सँडरला 40 नंबरची डिस्क लावलेली होती. 80, 120, 180, 220 नंबरच्या डिस्कची खोकी कपाटात होती, कपाटाला कुलूप होते आणि किल्ली मिस्त्रीच्या खिशात. मिस्त्री सकाळी एक डिस्क लावून द्यायचा आणि दुसऱ्या कामावर निघून जायचा. बायकांनी संध्याकाळपर्यंत त्याच डिस्कने घासायचे. एकीने विचारलेही होते, "हे फार खरबरीत लागतंय, दुसरी चकती नाही का?" उत्तर मिळाले, "बाई, तुम्ही फक्त घासा!"

मैत्रिणींनो, हे दार बायकांनी बिघडवले नाही. ज्याने डिस्क निवडली त्याने ते बिघडवले, आणि दंड मात्र जिला निवडू दिले नाही तिने भरला.

मला स्वतःलाही डिस्कमधले काही कळत नव्हते. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासात श्रमविभागणीवर मी पानेच्या पाने लिहिली, पण पॉलिश पेपरच्या पाठीवर आकडा असतो हे या दारामुळे कळले. मग चार सुतारांकडे बसून समजून घेतले. ते इथे मुद्दाम मांडते, कारण या माहितीवरच बाईची मजुरी अडलेली आहे.

पहिली गोष्ट आकडा. आकडा लहान तितका खडा मोठा. खड्यांची प्रतवारी चाळणीने करतात आणि हा आकडा मुळात चाळणीच्या एका इंचातल्या छिद्रांचा हिशेब आहे. गव्हाची चाळण कोणती, रव्याची कोणती आणि मैद्याची कोणती हे जिला विचारावे लागत नाही, तिला हे समजणार नाही असे कोण म्हणतो? जुना रंग काढायला किंवा उंचसखल फळी सपाट करायला 40 ते 60. रंध्याच्या खुणा घालवायला 80. मग 120, मग 180, आणि पॉलिशच्या आधी 180 किंवा 220 वर थांबायचे. सीलरच्या दोन हातांच्या मध्ये 320. मधली पायरी गाळायची नाही. 60 चे ओरखडे 220 ने जात नाहीत, नुसते झाकले जातात आणि पॉलिश लागले की वर येतात.

दुसरी गोष्ट खडा कशाचा. लाकडाला साधारणपणे ॲल्युमिनियम ऑक्साइड. सिलिकॉन कार्बाइड अधिक धारदार पण ठिसूळ, तो रंग, वार्निश, दगड, काच यांना. पाणी लावून घासायचा काळा पेपर याचाच. लोखंडावरच्या वेल्डिंगच्या गाठींना झिर्कोनिया. तिसरी गोष्ट, खडे विरळ की दाट. जुन्या रंगाला आणि चिकट लाकडाला विरळ खड्यांची डिस्क लागते, नाहीतर ती भुश्श्याने भरते. भरलेली डिस्क कापत नाही, नुसती तापते आणि लाकूड करपवते. मग बाई जोर लावते, आणि मशीन एका जागी खड्डा पाडते. मशीनवर जोर द्यायचाच नसतो, त्याचे स्वतःचे वजन पुरते.

चौथी गोष्ट भोके. डिस्कची भोके मशीनच्या पॅडच्या भोकांवर बरोबर बसली तरच भुस्सा पिशवीत ओढला जातो. स्वस्त मिळते म्हणून बिनभोकांची डिस्क लावली की तो सगळा बाईच्या नाकात जातो. आणि पाचवी गोष्ट वेग. डिस्कवर छापलेला कमाल वेग मशीनच्या वेगापेक्षा कमी असता कामा नये. सँडर नाही म्हणून ग्राइंडरलाच डिस्क जोडून देणारे कारखानदार आहेत. ग्राइंडर लाकडात रुततो, हातातून उसळतो, पदर ओढतो.

एवढेच. एका दुपारी शिकता येईल इतके. मग ते कुलपात का ठेवतात?

कारण किमान वेतनाच्या तक्त्यात कामगार कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशा रकान्यांत बसवलेले असतात. डिस्क निवडतो तो मिस्त्री, म्हणून तो कुशल. घासते ती हेल्पर, म्हणून ती अकुशल. 1976 च्या समान वेतन कायद्याने सारख्या कामाला सारखे वेतन सांगितले होते. ते तत्त्व 2019 च्या वेतन संहितेत आले आणि ती संहिता नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. पण काम सारखे आहे की नाही हे कशावर ठरते? कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी यांवर. बाईला आकडा सांगायचा नाही, मग तिला कौशल्य नाही म्हणायचे, आणि कौशल्य नाही म्हणून मजुरी कमी द्यायची. कायदा मोडल्याचा डागही लागत नाही.

कोणी म्हणेल, बायकांच्या भल्यासाठीच त्यांना मशीनपासून दूर ठेवतात. ही भाषाही जुनी आहे. 1948 च्या कारखाने कायद्याचे कलम 22 चालू यंत्राची साफसफाई, तेलपाणी, जुळणी बाईला करू देत नव्हते. धोका खरा होता, पण तो पुरुषाच्या बोटांनाही होताच. बाईला यंत्राची जुळणी शिकवू नका असे सांगणाऱ्यांनी तिला धुळीपासून किती वाचवले? लाकडाचा भुस्सा माणसात कर्करोग घडवतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच नोंदवले आहे. जुन्या वाड्यांची रंगवलेली दारे घासली की रंगातले शिसे धुळीत उतरते. रंगातल्या शिशावर दशलक्ष भागांत 90 भाग ही मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून आली. त्याआधीच्या रंगात किती आहे ते डोळ्यांना दिसत नाही. ती धूळ लुगड्यावरून घरी जाते, कडेवरच्या पोराच्या तोंडात जाते. नाकाला पदर बांधून ती अडत नाही. ती हाताने घासतानाही उडते, आणि हाताने घासायला मात्र बाईला कोणी कधी मनाई केली नाही.

सरकारी योजनांचे पाहा. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत, त्यांत सुतारकाम आहे, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आहे. पण लाभ एका कुटुंबात एकालाच. नवरा रंधा मारतो, बायको घासते आणि पॉलिश करते, अशा घरात अर्जावर नाव कोणाचे जाणार? सुतारीण या शब्दाचा अर्थच आपल्याकडे सुताराची बायको असा होतो. तिचे काम तिच्या नावावर कधी चढतच नाही.

आणि आपण? आपल्या संघटनांनी गावोगाव शिलाई मशिने वाटली, पापड-लोणच्यांची शिबिरे घेतली. बाईला चार पैसे मिळाले, हे नाकारत नाही. पण पुरुषाच्या हातातले अवजार आपणही मागितले नाही. "बायकांना झेपेल असे काम" हे शब्द मालकाच्या आधी आपल्या प्रस्तावांमध्ये आले आहेत. माझ्या स्वतःच्या हस्ताक्षरात आले आहेत.

आमच्याच नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूर आहे. तिथल्या चौथऱ्यावर बाईने चढायचे नाही, ही परंपरा म्हणून सांगितली जात होती. 2016 च्या जानेवारीत बायका रस्त्यावर आल्या, 1 एप्रिलला उच्च न्यायालयाने कायदा स्पष्ट केला आणि 8 एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, चौथरा सर्वांना खुला झाला. तेव्हा देशभरचे कॅमेरे इथे आले होते. कारखान्यातल्या कुलूपबंद कपाटासाठी कोणी येणार नाही. ते आपल्यालाच उघडावे लागेल.

म्हणून मागण्या साध्या आहेत. जी घासते तिच्या हाती डिस्कच्या कपाटाची किल्ली द्या. प्रशिक्षणात मशीन चालू-बंद करण्याबरोबर डिस्क कशी निवडायची तेही शिकवा, आणि प्रमाणपत्रावर तसे लिहा. एन-95 मास्क, धूळ ओढणारी पिशवी आणि भोके जुळणारी डिस्क यांचा खर्च मालकाचा. हजेरीपत्रकात 'हेल्पर' नको, कामाचे खरे नाव लिहा. चुकीच्या डिस्कने झालेले नुकसान मजुरीतून कापू नका.

त्या दाराचे पुढे काय झाले, तर आम्ही पाचजणी मालकाकडे गेलो. दाराची एक फळी त्याच दोघींनी 80, 120, 180 अशा क्रमाने त्याच्यासमोर घासून दाखवली. मिस्त्रीने त्यावरून बोट फिरवले आणि गप्प राहिला. कापलेले रोज परत मिळाले. किल्ली अजून मिळालेली नाही. दर सोमवारी आम्ही ती मागायला जातो. तुमच्या गावात घासकाम करणाऱ्या बायका असतील, तर त्यांना एवढेच विचारा: तुमच्या कागदामागे आकडा कोणता आहे, आणि तो कोणी ठरवला?