समुद्राला दोन महिने, नदीला पंधरा दिवस तरी द्या

दोन दणदणीत सरी पडल्या आणि मेसेज सुरू झाले. "नदी आली का?" "कुंडलिकेला काय लागतंय?" "वलगण चढली का?"

चढली, मंडळी. पाणी गढूळ आहे, ओहोळ शेतात शिरलेत आणि मळ्ये, शिवडा, शिंगटी, मुरे धारेच्या उलट वर येतायत. पाग टाकायचीही गरज नाही. रात्री बॅटरी आणि कोयता घेऊन बांधावर उभं राहिलं तरी पिशवी भरते. माहिती एवढीच. पुढचं वाचून काहींना राग येईल, येऊ दे.

हा मासा वर का येतो हे आपल्याला शेंबड्या वयापासून माहीत आहे. अंडी घालायला. उन्हाळाभर आटत चाललेल्या डोहात तग धरून तो पहिल्या पुराची वाट बघतो आणि उथळ पाण्यात, भातखाचरात जाऊन अंडी सोडतो. आपल्याला तो आत्ताच हवा असतो, कारण आत्ताच त्याच्या पोटात गाबोळी असते. एका मादीत हजारांनी अंडी. तव्यावर दोन घासांत संपतात.

"आपले आजोबा पण वलगणीचे मासे खायचे" अशी कमेंट येणार, म्हणून आधीच सांगतो. खायचे. पण ओहोळाच्या एका अंगाला बांबूची खोइन लागायची आणि दुसऱ्या अंगाने निम्मा मासा निसटून जायचा. आता या काठापासून त्या काठापर्यंत नायलॉनची बारीक जाळी, काही ठिकाणी तर चक्क मच्छरदाणी. बोटाएवढं पिल्लूसुद्धा सुटत नाही. वर टोपभर मासे दाखवून रील, खाली लोकेशन. शनिवारी त्याच पुलावर पनवेल-मुंबईच्या गाड्यांची रांग. आजोबांच्या नावावर हे खपवू नका.

उन्हाळ्यातलं तर बोलायलाच नको. डोहात ब्लिचिंग पावडर, शेतातलं औषध, जिलेटीनची कांडी, बॅटरीचा शॉक. मासे मारायला विष आणि स्फोटकं वापरणं इंग्रजांनी 1897 च्या कायद्यातच गुन्हा ठरवलं होतं. सव्वाशे वर्षं उलटली, आणि आपल्या गावात हे कोण करतं ते गावाला नावानिशी माहीत असतं.

दुसरी कमेंट पण ठरलेली: "आधी कंपन्यांचं बोला." बोलतोय की! धाटाव, महाड, रसायनी, तळोजा, या पट्ट्यातल्या नद्यांचं काय झालं ते नाकाला कळतं. कासाडीचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. ती लढाई सोडायची नाहीच. पण धाटावची एमआयडीसी कोलाडच्या खाली आहे आणि महाडची पोलादपूरच्या खाली. भिऱ्याच्या अंगाला किंवा पोलादपूरच्या वरच्या ओहोळांत मासा कमी झाला तर तो कुठल्या केमिकलने? तिथे जाळी आपली, बॅटरी आपली. खाली कंपनीने मारलं म्हणून वर आपण मारायचं, हा कुठला न्याय? उलट खालची नदी खराब आहे म्हणूनच वरचे ओहोळ जपायला हवेत. उद्या खालचं पाणी सुधारलं तर तिथे मासा येणार कुठून?

आता आपल्याच जिल्ह्यातला समुद्र बघा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना बंदी. थळ, वरसोली, रेवदंडा, मुरूडच्या बोटी किनाऱ्याला लागलेल्या. ज्यांचं पोटच माशावर आहे, ती माणसं 61 दिवस कळ काढतात. आणि ज्यांची नोकरी आहे, पेन्शन आहे, गळ हा शौक आहे, त्यांना नदीवर पंधरा दिवस धीर धरवत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर सगळा राग भलत्यावर निघेल. कातकरी वाडीतली बाई हाताने चार मासे आणि दोन खेकडे धरते ती रात्रीच्या कालवणासाठी. तिला कुणी शहाणपण शिकवू नये. नदी तिने संपवलेली नाही. मी बोलतोय ते जाळीने ओहोळ बंद करणाऱ्यांबद्दल आणि टेम्पो भरणाऱ्यांबद्दल.

जमत नाही असंही नाही. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथले महासीर देवीचे, म्हणून कुणी गळ टाकत नाही. हातभर मासे माणसाच्या पायाशी येतात. तिथे ना गार्ड आहे, ना कॅमेरा. गावाने ठरवलं आणि पाळलं.

म्हणून मागणी साधी आहे. गावोगावी ग्रामसभेत ठराव घ्या: पहिल्या पुरापासून पंधरा दिवस ओहोळाच्या तोंडाला जाळी नाही. नंतरही निम्मा ओहोळ कायम मोकळा. मच्छरदाणी आणि शॉक दिसला तर सामान जप्त. हे करायला कुठल्या मंत्र्याची सही लागत नाही. आणि रीलवाल्यांनो, मासे दाखवा हवे तर, पण ओहोळाचा पत्ता टाकू नका.

ज्यांना अगदीच राहवत नाही त्यांनी भरती बघून खाडीला बसावं. बोईट, शिंगाळी, नशीब असेल तर जिताडा. फक्त एक लक्षात ठेवा, जिताडा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. म्हणजे फोटोसाठी उचललेला तो मोठा धूड बहुतेक वेळा मादीच असतो. मधल्या आकाराचा घ्या, तोच जास्त चवीचा. आणि पोटाखाली अंड्यांचा गुच्छ असलेली चिंबोरी दिसली तर परत पाण्यात सोडा.