संगणकाचे म्हातारपण कोण ठरवते? #थ्रेड

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला दिले जाणारे नियमित अद्यतन थांबवले. त्या दिवशी कोणाचा प्रोसेसर झिजला नाही, की कोणाची रॅम आटली नाही. तरीही विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था नसलेली असंख्य धडधाकट यंत्रे एका रात्रीत ‘जुनी’ ठरली. यंत्राचे वय कंपनीच्या दिनदर्शिकेवर मोजण्याच्या या रीतीला सर्वांत ठोस उत्तर हलक्या लिनक्सने दिले आहे.

लिनक्सचा जन्मच तुटपुंज्या साधनांत झाला. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने ते लिहिले, ते हप्त्यांवर घेतलेल्या, अवघ्या ४ एमबी रॅमच्या ३८६ संगणकावर. विद्यापीठातले युनिक्स घरी आणणे त्याच्या ऐपतीबाहेरचे होते.

पुढे लिनक्सही अंगाने भरले. देखणे डेस्कटॉप आले, रॅमची भूक वाढली. तेव्हा काही जणांनी उलटी वाट धरली. ऑस्ट्रेलियातील बॅरी कॉलर यांचे पपी लिनक्स २००३ मध्ये आले. ते सबंध रॅममध्ये चढते. त्यामुळे हार्ड डिस्क निकामी झालेला संगणकही त्यावर चालू शकतो. डॅम स्मॉल लिनक्सने तर स्वतःवर ५० एमबीची मर्यादा घालून घेतली, व्हिजिटिंग कार्डाएवढ्या सीडीत मावावे म्हणून! आज मोबाइलवरची पाच-दहा छायाचित्रे तेवढी जागा सहज खातात.

स्थापनेची भीती बरीचशी अनाठायी आहे. पेन ड्राइव्हवरून प्रणाली ‘लाइव्ह’ सुरू करावी. हार्ड डिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक, सारे पारखता येते. धोका एकच, पण मोठा: फायलींची प्रत न घेता ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय निवडणे.

मात्र लिनक्सलाही मर्यादा आहेत. डिसेंबर २०१२ मध्ये कर्नलमधून ३८६ चा आधार काढला गेला. ज्या जातीच्या यंत्रावर लिनक्स जन्मले, तिथेच नवे लिनक्स चालेनासे झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने जुन्या ३२-बिट संगणकांसाठी इन्स्टॉलर देणे बंद केले. फरक इतकाच की, इथे स्रोत खुला असतो. ज्याला गरज आहे तो जुने धागे पुढे विणू शकतो.

आणि खरे ओझे आता प्रणालीचे उरलेलेच नाही, ते ब्राउझरचे आहे. २ जीबी रॅममध्ये हलके लिनक्स आरामात नांदते. चार संकेतस्थळे उघडताच श्वास लागतो. म्हणून दहा वर्षांचा ६४-बिट लॅपटॉप भंगारात काढणे ही उधळपट्टी आहे, तर ३२-बिट पेंटियम ४ वर आजचे आंतरजाल चालवण्याचा हट्ट ही निव्वळ हौस. असे यंत्र लेखनाला, हिशेबाला, साठवलेल्या गाण्यांना खुशाल वापरावे. ब्राउझरला सुरक्षा-दुरुस्त्या मिळत नसतील, तर बँकेचे व्यवहार तेवढे त्यावर करू नयेत.