विश्लेषण : ‘जीएम’ अन्नावर लेबल हवे की नको? वाद तेलाच्या डब्यापाशी का अडतो?

जनुकीय सुधारित अर्थात ‘जीएम’ अन्नपिकांची व्यावसायिक लागवड भारतात होत नाही. तरीही अशा पिकांच्या बियांपासून काढलेले तेल देशातील असंख्य स्वयंपाकघरांत रोज वापरले जाते. वेष्टनावर मात्र त्याचा उल्लेख नसतो. तो सक्तीचा करावा, असा नियम एकदा झाला, त्यानंतर आणखी मसुदेही आले. पण प्रश्न सुटलेला नाही. वरवर साध्या वाटणाऱ्या या मागणीत नेमकी अडचण कुठे आहे?

जीएम घटक ताटात येतात कुठून?

देशात व्यावसायिक लागवडीची परवानगी असलेले एकमेव जीएम पीक म्हणजे बीटी कापूस. त्याला मार्च २००२ मध्ये मान्यता मिळाली आणि आज कापसाखालील ९० टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटी वाणांखाली आहे. कापूस हे कागदोपत्री ‘अखाद्य’ पीक. प्रत्यक्षात कापसाच्या वजनात रुई साधारण एक तृतीयांश आणि उरलेली सरकी असते. सरकीचे तेल खाण्यात येते, नमकीन आणि तळणीच्या पदार्थांतही वापरले जाते; पेंड दुभत्या जनावरांना जाते.

दुसरा मार्ग आयातीचा. खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज भारत आयातीतून भागवतो. सोयाबीन तेल प्रामुख्याने अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून येते आणि तेथील जवळजवळ सर्व सोयाबीन जीएम आहे. अशा सोयाबीनपासून काढलेले तेल आयात करण्यास ‘जीईएसी’ या केंद्रीय समितीने २००७ मध्ये मुभा दिली. तिसरा मार्ग म्हणजे परदेशी पाकीटबंद पदार्थ. दिल्लीतील ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ या संस्थेने २०१८ मध्ये बाजारातील ६५ खाद्यपदार्थ तपासले, तेव्हा ३२ टक्के नमुन्यांत जीएम घटक आढळले. त्यांतील बहुतेक पदार्थ आयात केलेले होते.

सध्याचा कायदा काय सांगतो?

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम २२ नुसार जीएम अन्नाचे उत्पादन, विक्री किंवा आयात नियमांत मुभा असेल तरच करता येते. वेष्टन आणि लेबलची तरतूद कलम २३ मध्ये आहे. मात्र कलम २२ चा आधार असलेले जीएम अन्नाचे स्वतंत्र नियम अंतिम झालेले नाहीत.

दरम्यान, ग्राहक व्यवहार खात्याने वैध मापनशास्त्राच्या नियमांत २०१२ मध्ये दुरुस्ती करून जीएम अन्नाच्या वेष्टनावर वरच्या बाजूला ‘जीएम’ ही अक्षरे छापणे १ जानेवारी २०१३ पासून बंधनकारक केले. पण किती प्रमाण असल्यास हा नियम लागू, तपासणी कोणी व कशी करायची, हे स्पष्ट नव्हते. ही अक्षरे बाजारात क्वचितच दिसली.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने (एफएसएसएआय) २०१८ च्या मसुद्यात जीएम घटकांचे एकूण प्रमाण ५ टक्के किंवा अधिक असल्यास लेबल सुचवले. नोव्हेंबर २०२१ च्या स्वतंत्र मसुद्यात ही मर्यादा प्रत्येक घटकासाठी १ टक्का करण्यात आली, तसेच बालकांच्या आहारात जीएम घटकांना मनाई सुचवली गेली. नोव्हेंबर २०२२ मध्ये सुधारित मसुदा आला. त्याला अंतिम रूप मिळालेले नाही. आयातीपुरती एक व्यवस्था मात्र २०२१ पासून लागू आहे : मका, सोयाबीन, तांदूळ, गहू, पपई, बटाटा आदी २४ पिकांच्या मालासोबत तो जीएम नसल्याचे प्रमाणपत्र लागते आणि नकळत झालेली भेसळ १ टक्क्यापर्यंतच चालते. तेलासारखे प्रक्रिया केलेले पदार्थ या यादीत येत नाहीत.

लेबलची मागणी सुरक्षिततेसाठी आहे का?

काही अंशी. जीएम अन्न घातकच आहे, असा दावा लेबलचे अनेक समर्थक करतात. पण विज्ञान त्याला सरसकट दुजोरा देत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये शेकडो अभ्यासांचा आढावा घेऊन, बाजारात आलेल्या जीएम पिकांपासून मानवी आरोग्याला पारंपरिक पिकांपेक्षा जास्त धोका असल्याचा ठोस पुरावा नसल्याचे म्हटले. बाजारात असलेल्या जीएम पदार्थांचे सुरक्षा मूल्यमापन झालेले असल्याचे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. विरोधकांचा युक्तिवाद इथूनच सुरू होतो : पदार्थ सुरक्षित असेल तर लेबल म्हणजे विनाकारण इशारा, त्यातून भीतीच वाढेल.

पण लेबल केवळ धोक्याचेच असते असे नाही. पाकिटावरील हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो, तो आरोग्यदायी असल्याचे नाही. ग्राहकाची श्रद्धा, शेतीविषयीची भूमिका, बियाणे कंपन्यांच्या मक्तेदारीबद्दलचा आक्षेप ही खरेदीची वैध कारणे असू शकतात. शिवाय चूक झाल्यास माल परत घेण्यासाठी तो कुठून कुठे गेला याची नोंद लागते. अमेरिकेत २००० मध्ये केवळ पशुखाद्यासाठी मंजूर असलेला ‘स्टारलिंक’ जीएम मका माणसांच्या खाण्याच्या पदार्थांत सापडला, तेव्हा शेकडो उत्पादने बाजारातून मागे घ्यावी लागली. पुढे त्यातून कोणाला अपाय झाल्याचे सिद्ध झाले नाही. पण पशुखाद्य आणि मानवी अन्न यांच्या साखळ्या किती सहज मिसळतात, हे उघड झाले.

तेलाचा पेच नेमका काय आहे?

प्रयोगशाळेतील चाचणी पदार्थातील बदललेला जनुक, म्हणजे डीएनए, किंवा त्याने तयार केलेले प्रथिन शोधते. शुद्धीकरण केलेल्या तेलात या दोन्हींचा अंश जवळजवळ उरत नाही. म्हणजे बीटी सरकीचे रिफाइंड तेल आणि साध्या सरकीचे तेल चाचणीत सारखेच दिसू शकते.

त्यामुळे नियम कसा लिहिला जातो यावर सगळे ठरते. ‘चाचणीत जीएम घटक आढळल्यास लेबल’ असा नियम केला, तर तपासणी सोपी होते. पण भारतीयांच्या आहारात ज्या मार्गाने जीएम पिके सर्वाधिक येतात, ते तेलच नियमातून निसटते. ‘जीएम पिकापासून बनले असल्यास लेबल’ असा नियम केला, तर तेल कक्षेत येते. पण मग पुरावा प्रयोगशाळेत नव्हे, कागदपत्रांत शोधावा लागतो. शेतकरी, जिनिंग, तेल गिरणी, रिफायनरी आणि पॅकिंग अशा प्रत्येक टप्प्यावर मालाची नोंद ठेवावी लागते. सुटे तेल, वडापावच्या गाडीवरील किंवा हॉटेलातील तळण या दोन्ही नियमांच्या बाहेरच राहते.

इतर देशांनी कोणता मार्ग निवडला?

युरोपीय संघाने २००४ पासून उगमावर आधारित पद्धत लागू केली. जीएम घटक ०.९ टक्क्यापेक्षा जास्त असल्यास लेबल लागते आणि चाचणीत काही न सापडणारे तेलही त्यात येते. मात्र जीएम पशुखाद्य खाल्लेल्या जनावरांचे दूध, मांस आणि अंडी यांना लेबलची सक्ती नाही. अमेरिकेत २०१६ चा कायदा १ जानेवारी २०२२ पासून बंधनकारक झाला. तेथे ‘जीएम’ऐवजी ‘बायोइंजिनिअर्ड’ हा शब्द वापरला जातो आणि मजकुराऐवजी मोबाइलने स्कॅन करायच्या कोडचा पर्यायही ठेवला गेला. बदललेला जनुक न आढळणारे शुद्ध तेल व साखर यांना २०१८ च्या नियमांत वगळण्यात आले. ब्राझील हा जीएम सोयाबीनचा मोठा उत्पादक, पण तेथे २००३ च्या आदेशाने पिवळ्या त्रिकोणातील ‘टी’ हे अक्षर पाकिटावर छापावे लागते. आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या ‘कोडेक्स’ आयोगाने एकच पद्धत लादलेली नाही. निर्णय देशांवर सोडला आहे.

लेबलमुळे ग्राहक घाबरतात का?

अनुभव दोन्ही बाजूंचे आहेत. युरोपात लेबल आल्यावर अनेक दुकानसाखळ्यांनी आणि उत्पादकांनी जीएम घटकच टाळले. त्यामुळे तेथे लेबल असलेले पदार्थ फारसे दिसत नाहीत. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात मात्र उलटे घडले. तेथे जुलै २०१६ मध्ये काही काळ राज्याचा स्वतंत्र लेबल कायदा लागू होता. त्या आधीच्या आणि नंतरच्या सर्वेक्षणांची देशातील इतर भागांशी तुलना केली असता, व्हरमाँटमध्ये जीएम अन्नाला असलेला विरोध १९ टक्क्यांनी घटल्याचे संशोधकांना आढळले. माहिती दडवली जात नाही, ही जाणीव विश्वास वाढवू शकते, असा त्याचा अर्थ लावला जातो.

महाराष्ट्रातील शेतकऱ्यांवर काय परिणाम?

विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात कापूस व सोयाबीन ही दोन्ही प्रमुख पिके आहेत आणि लेबलचा परिणाम दोन्हींवर वेगवेगळा होईल. उगमावर आधारित नियम झाल्यास सरकीच्या जवळजवळ प्रत्येक पॅकबंद तेलावर ‘जीएम’ची नोंद येईल. बिगरबीटी सरकी वेगळी ठेवणे जिनिंगमध्ये शक्य नाही, कारण ती फारशी येतच नाही. त्यामुळे छोट्या गिरण्यांवर नोंदींचा बोजा नव्हे, तर मागणी घटण्याची टांगती तलवार असेल. सरकीचा दर घसरला तर त्याचा परिणाम कापसाच्या दरावरही होतो.

सोयाबीनचे गणित उलटे आहे. भारतीय सोयाबीन जीएम नाही. आयात तेलावर लेबल आले, तर देशी सोयाबीनच्या तेलाला वेगळी ओळख मिळू शकते. पण त्यासाठी रिफायनरीत देशी व आयात तेल वेगळे ठेवावे लागेल. हा फरक किती संवेदनशील आहे, हे ऑगस्ट २०२१ मध्ये दिसले. सोयाबीनचे दर क्विंटलला १० हजार रुपयांच्या आसपास असताना केंद्राने कुक्कुटपालन उद्योगासाठी १२ लाख टन जीएम सोयापेंड आयातीला परवानगी दिली. त्यानंतर दर कोसळले आणि शेतकरी संघटनांनी त्याचा दोष आयातीला दिला.

पुढे काय होऊ शकते?

जीएम मोहरीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी २३ जुलै २०२४ रोजी परस्परविरोधी निकाल दिले आणि प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपवण्याचे ठरले. मात्र दोन मुद्द्यांवर न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती संजय करोल यांचे एकमत होते : केंद्राने जीएम पिकांबाबत राष्ट्रीय धोरण आखावे आणि आयात जीएम अन्नाच्या, विशेषतः खाद्यतेलाच्या बाबतीत कलम २३ मधील लेबलच्या तरतुदी पाळाव्यात. न्यायालयाने खाद्यतेलाचा स्वतंत्र उल्लेख केल्याने ते वगळणारा नियम करणे आता सरकारला सोपे राहिलेले नाही.

दबाव वाढण्याची आणखी दोन कारणे आहेत. अमेरिकेशी २०२५ मध्ये झालेल्या व्यापार चर्चेत मका व सोयाबीनची बाजारपेठ खुली करण्याचा मुद्दा आला आणि तेथील ही पिके प्रामुख्याने जीएम आहेत. दुसरीकडे, मे २०२५ मध्ये केंद्राने जनुक संपादित तांदळाचे दोन वाण जाहीर केले. त्यांत परका जनुक नसल्याने २०२२ च्या निर्णयानुसार त्यांना जीएम पिकांचे कठोर नियम लागू नाहीत. ग्राहकाला त्यांची माहिती द्यायची का, हा वेगळा प्रश्न त्यामुळे उभा राहिला आहे.

हे सर्व पाहता ‘लेबल हवे की नको’ यापेक्षा ‘लेबल कशाचे’ हा प्रश्न आधी सोडवावा लागेल. चाचणीपुरते लेबल स्वस्त पडेल, पण तेलाच्या डब्यावर ते दिसणार नाही. उगमाचे लेबल प्रामाणिक असेल, पण त्यासाठी नोंदींची यंत्रणा आणि कापूस उत्पादकांना सावरणारी मुदत लागेल. यांपैकी काय निवडले, हे अंतिम नियमातील ‘तेल’ या एका शब्दावरून कळेल.