समोसा, रद्दी आणि काळे तेल

मागच्या महिन्यात चिमूरच्या बसस्थानकाच्या परिसरातल्या एका टपरीवर मी दोन समोसे मागितले. कढईतून काढलेले गरम समोसे कागदावर ठेवून माझ्या हातात आले. पहिला घास घेतल्यावर कागदाकडे लक्ष गेले. याच सदराचा तो एक जुना भाग होता. विषय रक्तदाबाचा. 'मीठ कमी करा' ही ओळ तेलात भिजून आरपार दिसत होती आणि मथळ्यातली चार अक्षरे समोशाच्या पाठीवर उलटी उमटली होती. आपले लिखाण वाचकांच्या पचनी पडावे असे प्रत्येक लेखकाला वाटते, पण इतके शब्दशः नाही.

आधी एक कबुली. मी खवय्या आहे. नागपूरला गेलो की तर्री-पोह्यांशिवाय परतत नाही, चंद्रपुरात सांभारवडी दिसली की पाय थबकतात आणि चिमूरच्या घोडायात्रेत देवदर्शनाइतकीच ओढ मला जिलबीच्या कढईची असते. बेकरीतून संध्याकाळी येणारा ताज्या खारीचा वास मला रस्ता बदलायला लावतो. त्यामुळे 'बाहेरचे खाऊच नका' हा उपदेश मी करणार नाही. तो मी स्वतः पाळलेला नाही, आणि अनेकांना पाळता येण्यासारखाही नाही.

गेल्या हिवाळ्यात रक्ततपासणीत ट्रायग्लिसराइड वाढलेले निघाले, तेव्हा डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "बाहेर किती वेळा खाता?" मी म्हणालो, "कधीतरी." मग महिनाभर वहीत नोंद ठेवली. 'कधीतरी'चा हिशेब तीस दिवसांत बेचाळीस वेळा असा निघाला. सकाळचा आलूबोंडा, दुपारच्या चहासोबतची खारी, कुणाच्या वाढदिवसाचा केक, रात्री गाडीवरचा फ्राइड राइस. घरी आपण तेल चमच्याने मोजतो, बाहेरचे खाणे मात्र मोजायचे विसरतो. ज्यांना स्वतःबद्दल खात्री आहे, त्यांनी अशी वही महिनाभर ठेवून पाहावी.

माझे खाणे हौसेचे होते. चिमुरात बाहेर खाणाऱ्यांपैकी अनेकांचे तसे नसते. तहसील कचेरीत सातबाऱ्यासाठी खेड्यातून आलेला शेतकरी, उपजिल्हा रुग्णालयात आप्ताजवळ बसलेली बाई, शिकवणीसाठी एसटीने ये-जा करणारी मुले. त्यांच्यासाठी दोन समोसे म्हणजे दुपारचे जेवण असते. हौशी माणूस उद्यापासून बाहेर खाणे सोडू शकतो, या लोकांना ती सोय नाही. म्हणून टपरीवरच्या कढईत काय आहे, हा प्रश्न चोखंदळपणाचा नसून सार्वजनिक आरोग्याचा आहे.

कढईपासूनच सुरुवात करू. तेल पुन्हा पुन्हा तापले की त्याची रासायनिक मोडतोड होते. हवेतला प्राणवायू, पदार्थातले पाणी आणि उष्णता यांच्यामुळे तेलाचे रेणू तुटतात, काही एकमेकांना चिकटून जड होतात. तेल काळे पडते, दाट होते, फेसाळते आणि आधीपेक्षा कमी तापमानाला धूर सोडू लागते. या बिघाडाचे मोजमाप 'एकूण ध्रुवीय संयुगे' या आकड्याने होते. १ जुलै २०१८ पासून भारतात नियम आहे, की हे प्रमाण २५ टक्क्यांवर गेलेले तेल खाद्यपदार्थांसाठी वापरायचे नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा सल्ला तर तेल शक्यतो एकदाच, आणि फार झाले तर तीनदा वापरावे असा आहे. आपल्याकडे मात्र सकाळची कढई रात्री झाकली जाते आणि दुसऱ्या दिवशी त्याच तेलात नव्याची भर पडते. जुन्यात नवे मिसळले की जुने सुधारत नाही, उलट नवेही लवकर बिघडते.

यात टपरीवाल्याला खलनायक ठरवणे सोपे आहे, पण त्याचा हिशेब पाहा. रोज दोन-तीन लिटर तेल टाकून द्यायचे तर दिवसाच्या कमाईचा मोठा वाटा त्यासोबत जातो. शिवाय टाकायचे कुठे? नालीत ओतले तर नाली तुंबते. आणि या तेलाचा पहिला बळी तोच असतो. आपण पाच मिनिटे उभे राहून निघून जातो, तो दहा तास त्या धुरात उभा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने उच्च तापमानावरील तळणीच्या धुराला 'मानवात कर्करोग होण्याचा संभव असलेल्या' घटकांमध्ये ठेवले आहे. म्हणजे चांगले तेल ही गिऱ्हाइकाइतकीच विक्रेत्याचीही गरज आहे.

तेल जास्त टिकवण्याचे उपाय खर्चिक नाहीत. कढई कामापुरती लहान घ्यावी. तळणीतला चुरा दर थोड्या वेळाने झाऱ्याने काढावा, कारण जळणारा चुरा तेल सर्वात लवकर बिघडवतो. मीठ तेलावर भुरभुरू नये. धूर निघेपर्यंत तापवू नये, तळणीला १७५ ते १८० अंश सेल्सिअस पुरतात. गिऱ्हाईक नसताना आच कमी करावी. रात्री तेल गाळून झाकून ठेवावे. गिऱ्हाइकानेही डोळे उघडे ठेवावेत. तळ दिसत नसेल, फेस बसत नसेल, धुराने डोळे चुरचुरत असतील, तर त्या दिवशी तिथे पोहे खावेत.

पोह्यांची ही शिफारस केवळ तळण टाळण्यासाठी नाही. तर्री-पोहे हा आपल्या भागाचा चांगला नाश्ता आहे. हरभऱ्यातून प्रथिने आणि तंतू मिळतात, पोह्यांतून थोडे लोह मिळते, आणि वर पिळलेल्या लिंबातले क जीवनसत्त्व ते लोह शरीरात शोषायला मदत करते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. तेव्हा लिंबाची फोड बशीत तशीच सोडू नका. फक्त दोन गोष्टी सांभाळा. तर्रीवरचा तेलाचा तवंग थोडा बाजूला सारायला सांगा, आणि पोह्यांवर लगेच चहा घेऊ नका. चहातले टॅनिन लोहाला धरून ठेवते आणि लिंबाचे काम वाया जाते. तासाभराने घेतलेला चहाही तितकाच गोड लागतो.

आता बेकरी. खारी, टोस्ट, क्रीमरोल यांचा खुसखुशीतपणा मैद्याचा नसून त्यातल्या घट्ट चरबीचा असतो. लोणी महाग, म्हणून अनेक ठिकाणी वनस्पती तूप किंवा बेकरीसाठीची तयार चरबी वापरतात. द्रव तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याची युक्ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत निघाली. ही प्रक्रिया अर्धवट झाली की ट्रान्स मेद तयार होतो. तो रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो, चांगले घटवतो आणि हृदयविकाराचा धोका वाढवतो. डेन्मार्कने २००३ मध्ये त्यावर कायदेशीर मर्यादा घातली. भारतात ही मर्यादा जानेवारी २०२१ मध्ये ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के झाली. नियम चांगला आहे. पण सुटी खारी तराजूत मोजून मिळते, तिच्यावर लेबल नसते. म्हणून बेकरीवाल्याला सरळ विचारावे, 'कोणते तूप वापरता? डबा दाखवाल का?' नियम पाळणाऱ्याला डबा दाखवण्यात संकोच वाटायचे कारण नाही. मात्र ट्रान्स मेद नाही म्हणून खारी पथ्याची होत नाही. पाम तेलातला संपृक्त मेद आणि मैदा तिच्यात असतोच. माझी खारी आता रोजच्याऐवजी रविवारची झाली आहे. ओढ तशीच आहे, चव मात्र वाढली आहे.

तिसरी गोष्ट धानाच्या या मुलखाला जवळची. संध्याकाळी चायनीजच्या गाडीवर फ्राइड राइस होतो, त्याचा भात बहुतेक वेळा सकाळी किंवा दुपारीच शिजवून ठेवलेला असतो. तांदळात बॅसिलस सेरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवल्यावरही टिकतात. भात तासन् तास कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या घडवणारे हे विष पुन्हा परतल्याने नष्ट होत नाही. मोठ्या आचेवर उसळणारा भात पाहून आपल्याला वाटते, सगळे जंतू मेले. जंतू मेले तरी विष उरते. शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक बाहेर ठेवू नये, ते ५ अंशांखाली किंवा ६० अंशांवर ठेवावे, असा सर्वमान्य सल्ला आहे. चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, त्या मे महिन्यात तर हे दोन तासही फार होतात. मंचुरियनचा लालभडक रंगही खुणेचा समजावा. कर्नाटकाने मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली, कारण तपासलेल्या नमुन्यांत असुरक्षित रंग सापडले होते.

आणि शेवटी कागद, म्हणजे आमचाच गुन्हा. छपाईच्या शाईत रंगद्रव्ये, खनिज तेले आणि इतर रसायने असतात. गरम आणि तेलकट पदार्थ ती सहज ओढून घेतो. शिवाय ती रद्दी कुठे पडली होती, कुणाच्या हातांतून आली, हे कुणालाच ठाऊक नसते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये याबद्दल इशारा दिला. २०१८ च्या वेष्टन नियमांनुसार वर्तमानपत्रात अन्न गुंडाळणे किंवा वाढणे मना आहे.

त्या दिवशी मी टपरीवाल्याला हे सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, "भाऊ, पेपरात देतो तं खाऊन फेकून होते. पलेटी द्याच्या तं धुवाले पानी कोठून आनू?" त्याच्या गाडीवर दोन बादल्या होत्या, एक पिण्याची आणि एक हात बुडवायची. एकाच बादलीत दिवसभर विसळलेल्या ताटल्यांपेक्षा कागद बरा, असे कुणी म्हटले तर त्याला लगेच खोडून काढता येणार नाही. माझ्याकडे त्या वेळी उत्तर नव्हते.

उत्तर घरी परतताना रस्त्याच्या कडेला उभे होते. हा पळसाचा मुलूख आहे. आपल्या पंगती पिढ्यान् पिढ्या पळसाच्या पत्रावळीवर आणि द्रोणात उठल्या. द्रोण धुवावा लागत नाही, त्याला शाई नाही, आणि फेकला तर मातीत मिसळतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावांचा हक्क मान्य केला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने तो हक्क बांबूवर बजावून दाखवला. तोच हक्क पानांवरही आहे. गावातल्या बचत गटांनी द्रोण लावावेत आणि नगर परिषदेने ते टपऱ्यांपर्यंत रास्त भावात पोहोचवावेत, तर रद्दीचा प्रश्न सुटेल आणि चार घरांत पैसाही जाईल. घोडायात्रेच्या दुकानांना जागा देताना 'वर्तमानपत्रात पदार्थ देणार नाही' ही अट घालून सुरुवात करता येईल.

नगर परिषदेकडून आणखी दोन गोष्टी हव्यात. बसस्थानक आणि आठवडी बाजाराजवळ खाद्यविक्रेत्यांसाठी वाहत्या पाण्याचा नळ, आणि वापरलेले तेल गोळा करण्याची सोय. अशा तेलापासून जैवडिझेल बनवण्याची योजना देशात २०१८ पासून आहे. टाकाऊ तेलाचे थोडे पैसे हातात पडले, तर ते टाकायला विक्रेत्याचा हात आखडणार नाही. अन्न व औषध प्रशासनाने दिवाळीच्या तोंडावर खवा तपासतो तसे वर्षातून काही वेळा तालुक्याच्या गावी येऊन तेलही तपासावे. ध्रुवीय संयुगे मोजणारे हातात मावणारे यंत्र मिळते आणि ते जागेवरच आकडा दाखवते. पहिल्या फेरीत दंड न करता केवळ तो आकडा विक्रेत्याला दाखवला, तरी बराच फरक पडेल.

वाचकांचे काम लहान आहे. दुकानात चौदा आकडी नोंदणी क्रमांक लावला आहे का ते पाहा, कढईत डोकावा आणि कागदात दिलेला पदार्थ नम्रपणे परत करून ताटली किंवा द्रोण मागा. एकाने मागितले तर नखरा वाटतो, दहांनी मागितले की विक्रेता द्रोणांची चळत आणून ठेवतो.

मी आता पिशवीत स्टीलचा लहान डबा ठेवतो. टपरीवाला आधी हसला, आता मला पाहिले की डब्यासाठी हात पुढे करतो. समोसा महिन्यातून दोनदाच, पण गरम असतो. हे सदर वाचून झाल्यावर रद्दीत जाईल, त्याबद्दल आमची तक्रार नाही. फक्त त्यावर समोसा ठेवू देऊ नका.