पेटीवरचे वॅट आणि घरातले पैसे

गिरडहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. थोरला मुलगा नागपुरातून क्रिप्टो मायनिंगचा जुना संच आणू म्हणतो. सहा ग्राफिक्स कार्डे, किंमत दीड लाख. पैसे धाकटीच्या लग्नासाठी ठेवलेले. "काय करावे?" असे त्या विचारतात.

आधी वीज पाहू. कार्डे आणि बोर्ड मिळून साधारण 1000 वॅट लागतात असे धरा. एसएमपीएस 90 टक्के कार्यक्षम असेल तर भिंतीतून 1111 वॅट ओढले जातात, 80 टक्के असेल तर 1250. रात्रंदिवस चालवले तर महिन्याला पहिल्यात 800 युनिट, दुसऱ्यात 900. युनिटला 10 रुपये धरले तर आठ किंवा नऊ हजार. म्हणजे स्वस्त एसएमपीएस दर महिन्याला हजार रुपये गुपचूप खातो, आणि ते पैसे उष्णता होऊन आपल्याच खोलीत राहतात. विदर्भातल्या मे महिन्यात ही उष्णता परवडत नाही.

एसएमपीएस घेताना पेटीवरच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका. बाजूच्या तक्त्यात 12 व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहा आणि 12 ने गुणा. 83 अँपिअर असतील तर 996 वॅट. 1000 वॅट सतत लागणार असतील तर सुमारे 1250 वॅटचा घ्या. '80 प्लस'ची खूण आणि आर-ने सुरू होणारा बीआयएस क्रमांक पाहा. हा क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर पडताळता येतो. कार्डाच्या रायझरला हार्डडिस्कची साटा तार जोडू नका. ती 54 वॅटपर्यंतची, रायझर 75 पर्यंत मागू शकतो. तार वितळते ती इथेच. अर्थिंग नसलेल्या घरात तर हे यंत्र लावूच नये. आणि शेतीपंपाच्या जोडणीवर ते चालवणे बेकायदा आहे, शिवाय अमानतीत खयानतही.

आता विकणाऱ्याची पारख. अमेरिकेतल्या बटरफ्लाय लॅब्जने ग्राहकांचे पैसे आधी घेतले. यंत्रे एकतर दिलीच नाहीत, किंवा इतकी उशिरा दिली की ती निकामी ठरली, असा आरोप ठेवून तिथल्या सरकारी यंत्रणेने 2014 मध्ये कारवाई केली. आपल्याकडे गेनबिटकॉइनने यंत्रही न दाखवता मायनिंगच्या नावाने दरमहा 10 टक्के परतावा सांगितला. 2018 मध्ये पुणे पोलिसांनी तिचा प्रमुख अमित भारद्वाज याला अटक केली. नांदेडमध्येही गुन्हा नोंदला गेला. म्हणून चार प्रश्न विचारा: माल आज हातात मिळेल का? बिल आणि पत्ता खरा आहे का? दुरुस्ती कुठे होईल? समोर चोवीस तास चालवून दाखवाल का?

फिकहमध्ये आगाऊ पैसे देऊन होणाऱ्या सौद्याला सलम म्हणतात. त्यात मालाचा प्रकार, मोजमाप आणि देण्याची तारीख ठरलेली असावी लागते. "येईल तेव्हा देऊ" हा सलम नव्हे, त्यात गरर आहे. क्रिप्टो जायज की नाही, यावर उलेमांत एकमत नाही. ते आपल्या मुफ्तींना विचारावे.

राहिला तो संच. इथेरियमचे मायनिंग 15 सप्टेंबर 2022 रोजी बंद झाले. अशा जुन्या कार्डांचे मुख्य काम तेव्हाच संपले. शिवाय 2022 पासून या कमाईवर 30 टक्के कर आहे, आणि त्यातून विजेचा खर्च वजा होत नाही.

गिरडच्या टेकडीवरच्या गोल दगडांची कथा तिथे सर्वांना ठाऊक आहे: बाबा फरीदांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा सगळा माल दगड झाला. हा संच तर विकणाऱ्याच्या घरी आधीच दगड झालेला आहे. बहेन, पैसे धाकटीच्या नावावरच राहू द्या. मुलाला यंत्रांची आवड असेल तर त्याला आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या प्रवेशाचा अर्ज भरायला लावा. अर्थिंग नीट करून देणारा माणूस प्रत्येक गावाला हवा असतो.