ज्याचा मणका, त्याला विचारा

मणक्याची बायोप्सी करावी लागेल असं डॉक्टर म्हणाले, की घरचे आधी एक काम करतात. ज्याचा मणका आहे, त्याला बाहेरच्या बाकड्यावर बसवतात. आत मुलगा आणि जावई, बाहेर आबा. मग कुणीतरी येऊन सांगतं, "काही नाही आबा, साधी तपासणी आहे." साध्या तपासणीसाठी जावई रजा टाकून येत नाही, एवढं आबांना कळतं.

घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थसारख्या गावातून असा पेशंट निघतो तो जालन्याला, तिथून बऱ्याचदा छत्रपती संभाजीनगरला, घाटी रुग्णालयात. एमआरआयचं पाकीट मुलाच्या मांडीवर, आणि गाडीत कुणी बोलत नाही. जांब हे रामदासांचं जन्मगाव. अंधारात बसलेल्या लहानग्या नारायणाला आईनं विचारलं, काय करतोस, तर तो म्हणाला, जगाची काळजी करतोय, ही गोष्ट तिथल्या पोरासोरांना पाठ आहे. आख्यायिका असेल. मला त्यात आवडतं ते एवढंच, की आईनं विचारलं आणि पोरानं सांगितलं. पुढे याच माणसानं दासबोधाच्या तिसऱ्या दशकात, सहाव्या समासात, शरीराच्या दुखण्यांची नावानिशी भली लांब यादी दिली. तो ग्रंथ रोज वाचणाऱ्या घरातही आबांसमोर 'कॅन्सर' म्हणायची बंदी असते.

न बोलल्यानं काळजी टळत नाही. ती रात्री एकट्यानं करावी लागते, आणि एकट्याच्या डोक्यात एकच निदान घोळत राहतं. वास्तविक एमआरआयवर मणक्यात दिसलेला डाग कॅन्सरचा असू शकतो, टीबीचा असू शकतो, दुसऱ्या जंतुसंसर्गाचा असू शकतो. कधी हाड ठिसूळ होऊन मणका नुसता चेपलेला असतो. फोटोवरून नेहमी सांगता येत नाही, म्हणून तर तुकडा काढायचा. आपल्याकडे मणक्याचा टीबी काही नवलाचा नाही. अमिताभ बच्चन यांना तो २००० साली निघाला, 'कौन बनेगा करोडपती' सुरू झालं त्या सुमारास, आणि ते बरे झाले. टीबी निघाला तर साधारण वर्षभर गोळ्या, त्याही सरकारी कार्यक्रमात फुकट. हे आबांना का सांगू नये? कॅन्सरची शक्यताही त्याच दमात सांगावी. एखादे आबा म्हणतील, "मला नको, पोराला सांगा." तोही त्यांचा हक्क. पण एकदा विचारा तरी.

पारावर दुसरंच चालू असतं : पाठीत सुई घातली की पाय जातात. धोका शून्य नाही. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, क्वचित नसेला इजा होऊ शकते. पण सुई अंदाजानं खुपसत नाहीत. बहुधा सीटी स्कॅनवर बघत, जागा बधिर करून ती हाडात नेतात. शिवाय मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, त्याखाली असतात त्या नसा. आपल्याला कुठल्या मणक्यात सुई घालणार, हे आबांनीच डॉक्टरांना विचारावं.

म्हाताऱ्या माणसाला खरी अडचण होते ती वेगळीच : पालथं पडून राहण्याची. पाठीला बाक, छातीत कफ, गुडघे आखडलेले, आणि वरून "हलू नका". खोकल्याची उबळ येते, लघवीला वारंवार जावं लागतं, हे लाज सोडून आधी सांगावं. उशी लावता येते, थांबता येतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किती दिवस आधी बंद करायच्या हे डॉक्टर ठरवतील, शेजारचा नाही. साखरेच्या गोळ्यांचंही तसंच. ऐकायचं यंत्र असेल तर ते घरी ठेवून जाऊ नये. सूचना ऐकूच आल्या नाहीत तर माणूस दचकणारच.

सुईपेक्षा लांबतं ते रिपोर्टचं. तुकडा पॅथॉलॉजीकडे जातो तसा टीबीच्या तपासणीलाही जायला हवा, आणि त्यासाठीचा भाग फॉर्मेलिनमध्ये बुडवायचा नसतो. दोन्हीकडे गेला का, हे त्याच दिवशी विचारून घ्यावं. पॅथॉलॉजीचं उत्तर काही दिवसांत येतं. टीबीच्या कल्चरला सहा आठवडेही लागतात. एवढे दिवस घरातल्या प्रत्येक फोनला आबा कान लावून बसणार. रिपोर्टसाठी मोबाइल नंबर लिहून घेतात, तेव्हा मुलगा सवयीनं स्वतःचा सांगतो. आबांच्या खिशातही फोन असतो. तोही नंबर द्यावा.