दिवाणखान्यातले जाते

कुर्ला हे नाव कुर्ली या खेकड्यावरून पडले असे सांगतात. ते खरे मानले, तर या गजबजलेल्या उपनगराच्या नावातच खाडीकाठच्या एका गावाची आठवण शिल्लक आहे. हॉल व्हिलेज आणि ख्रिश्चन गाव या ईस्ट इंडियनांच्या जुन्या वस्त्या, पोर्तुगीज काळातले आणि १८४८ साली पुन्हा बांधलेले होली क्रॉस चर्च, या त्याच गावाच्या खुणा. याच कुर्ल्यात २०११ साली फीनिक्स मार्केटसिटी हा मॉल उघडला. गावठाणातली कौलारू घरे पाडून इमारती उभ्या राहत असताना, त्या इमारतींमधल्या घरांना मात्र 'गावाकडचा' साज हवासा वाटू लागला आहे. मुद्दाम रंग खरवडलेले लाकूड, भिंतीवर टांगलेले सूप, विजेचा दिवा बसवलेला कंदील आणि कोपऱ्यात, वर काच ठेवून टीपॉय केलेले जाते.

या सजावटीची टिंगल करणे सोपे आहे. मला ती करायची नाही. एका साच्यातून काढल्यासारख्या खोल्यांत राहणाऱ्या माणसाला हाताचा स्पर्श झालेली, वापराने झिजलेली एखादी वस्तू जवळ असावीशी वाटते, ही भूक खरी आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. ही सजावट वस्तूची झीज जपते, पण ती झीज कोणाच्या हातांनी झाली ते पुसून टाकते.

कुर्ल्यातच याचा पुरावा आहे. १८८६ मध्ये जमशेटजी टाटांनी इथली धरमसी गिरणी विकत घेतली आणि तिचे नाव 'स्वदेशी' ठेवले. मुंबईच्या अशा गिरण्यांत कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांनी एका खोलीत संसार मांडले. पाटा-वरवंटा, गोधडी, पत्र्याची ट्रंक, पितळेची घागर हे त्यांच्या घरात होतेच. पण ती शैली नव्हती, ती निकड होती. चार पैसे हाती आले तेव्हा याच माणसांनी स्टीलची भांडी आणि सनमायका लावलेले टेबल घेतले. आज आपण सनमायकाला अभिरुचीहीन म्हणतो. ज्या बाईने आयुष्यभर राखेने पितळ घासले, तिला एका फडक्यात स्वच्छ होणारा पृष्ठभाग सुंदर वाटला, यात अभिरुचीचा अभाव कुठे आहे? घर म्हणजे काय हे तिला आपल्यापेक्षा अधिक कळत होते, असे मला वाटते.

जात्याचेही तसेच. पहाटे उठून दळणे हे सक्तीचे काम होते, आणि त्या सक्तीतच बायकांनी ओवी रचली. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. २०१७ पासून त्या 'पारी' या संकेतस्थळावर क्रमाने येत आहेत. त्यांत माहेरची ओढ आहे, भावाचे कौतुक आहे, तसा सासुरवासही आहे. पिठाची गिरणी आली तेव्हा दळणारीचे हात सुटले आणि ओवीचा प्रसंगही संपला. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत. काचेखालच्या जात्यात मात्र दोहोंपैकी एकही उरत नाही. उरतो तो फक्त दगडाचा पोत.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न परका वाटू नये. ग्रामीणतेची सजावट आपल्या गद्यातही चालते. प्रमाण मराठीतल्या कथेत चार बोलीतले शब्द टांगायचे, एक चूल पेटवायची, एक ओसरी सारवायची, की झाली कथा मातीतली. देशीवादाच्या नावावर यातले बरेच काही खपून गेले आहे. याउलट 'बनगरवाडी' (१९५५) आठवावी. माडगूळकरांच्या त्या वाडीत घोंगडी येते ती कोणाच्या तरी खांद्यावर किंवा अंगाखाली. वस्तू तिथे काम करते, म्हणून तिला वर्णनाचा साज चढवावा लागत नाही. कुठलाही ग्रामीण तपशील तपासताना मी एवढेच विचारतो: हा शब्द वाक्यात राबतो आहे, की नुसता बसला आहे?

इंग्लंडात विल्यम मॉरिसने एकोणिसाव्या शतकात यंत्राच्या मालाविरुद्ध हस्तकौशल्याचा कैवार घेतला. तो कवी होता आणि समाजवादीही. तरी त्याच्या कार्यशाळेतला सुंदर माल बहुतांशी श्रीमंतांच्याच घरी गेला, आणि त्याची खंत त्यालाही होती. कष्टाचे सौंदर्य विकत घेऊ शकतो तो बहुधा कष्ट न करणारा, हा पेच जुनाच आहे आणि कुर्ल्यापुरता तर मुळीच नाही.

मग जाते फेकून द्यावे काय? नाही. पण काच काढावी. वर्षातून एकदा तरी त्यात मूठभर डाळ भरडून पाहावी. खांदा भरून आला म्हणजे त्या दगडाचे वजन कळेल. तेही जमत नसेल, तर ते कोणाचे होते आणि त्यावर कोण दळत असे एवढे घरातल्या मुलांना सांगता यावे. ज्या वस्तूबद्दल असे एक वाक्यही सांगता येत नाही ती विकत आणण्यापेक्षा आजीचे सनमायकाचे टेबल बरे. त्याच्या कडा उडाल्या असतील, पण त्या आपल्याच घरात उडाल्या आहेत.